सोळाशे सीसी

हृदय-बिदय म्हणू नका त्याला.
ॲल्युमिनियमचा ब्लॉक आहे, चार पिस्टन,
आणि पाण्याच्या पंपाखाली एक जुना ओघळ,
जो मी सात वर्षं पुसत आलो.

डडलीच्या टेकडीखाली, भाड्याचं गॅरेज,
फेब्रुवारीतला शनिवार.
क्रेन दिवसाला बावीस पौंड.
क्लाइव तिची साखळी बोटांवरून सरकवतो,
एकेक कडी दाबून बघत.
त्याचा आजा क्रॅडली हीथला साखळदंड घडवायचा;
नातवाचा अजून कुठल्याच कडीवर विश्वास नाही.

शेवटचा बोल्ट निघेना.
तो असतो तिथे हात पोचतो, नजर पोचत नाही.
पाना पोचतो, जोर पोचत नाही.
मग मी एक सांगलीकडची शिवी हासडली
आणि तो सुटला.
क्लाइव म्हणाला, "हा शब्द लिहून दे मला."

इंजिन वर आलं, लोंबकळत, थोडं गिरकी घेत,
आणि माझी लाल प्युजो
पुढून चार बोटं उंच झाली.
वजन गेलं की गाडी नाक वर करते,
हे मला ठाऊक नव्हतं.
ओझं उतरल्यावर माणसं असं करत नाहीत.
आमच्या घरातली तर वाकलेलीच राहिली.

आत जाणार ते एकोणीसशेचं, सोळा व्हॉल्व्हचं.
कोपऱ्यात ब्लँकेट पांघरून बसलं होतं
पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं,
अजून काहीच न करता मान घेत.

जुन्याची किंमत लावली दोनशे ऐंशी.
रेक्समहून नेरिस आली, वडिलांची व्हॅन घेऊन.
तेवीसची असेल. नखांत ग्रीस.
तेलकांडी ओढून वास घेतला,
प्लग काढून दाराच्या उजेडात धरले,
मग म्हणाली, "चालताना कसं वाजतं?"

आता काय सांगणार?
दोन टायरांवर ठेवलेल्या इंजिनाला आवाज नसतो.
चांगलं आहे, म्हणालो. ती गप्प.
एक लाख एकतीस हजार मैल, म्हणालो. ती गप्प.
क्लाइव चहाच्या मगात बघत राहिला.

मग मी तोंडानेच चालू केलं.
थंडीत आधी कुरकुर, नाइलाजाची,
मग एकदम भर्रर्र,
मग हळूहळू खाली बसत जाणारी घरघर
आणि दुसऱ्या सिलिंडरपाशी
टिक्. टिक्. टिक्.
शिवणयंत्रावर कोणी जीनची जाड शिवण मारतंय तसं,
तेल तापेपर्यंत. मग तेही नाही.
चार हजारांच्या पुढचा आवाज
काढायला गेलो, छाती पुरली नाही.
खोकला आला.
अठ्ठेचाळीस वर्षांचा मी, टिप्टनच्या कारखान्यात
सोमवार ते शुक्रवार क्वालिटी मॅनेजर.

नेरिस हसली नाही.
मान तिरपी करून ऐकत होती.
"ते टिक् परत करा."
केलं.
"अजून एकदा, हळू."
केलं.
"टॅपेटची फट वाढलीय. एक शिम बदलली की झालं."
आणि वीस-वीसच्या चौदा नोटा मोजल्या.
घासाघीस नाही. मला जरा वाईटच वाटलं;
भाव पाडल्याशिवाय
कोणी आपलं काही नेलं, असं वाटत नाही.

रात्री स्वान्सीला पाठवायचा कागद भरला.
इंजिन क्रमांकाच्या चौकटीत नवे आकडे.
कारण विचारलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी नवं सुरू झालं,
पहिल्याच फिरकीत. क्लाइवने टोपी काढली.
खणखणीत आवाज. कुठे काही खुट्ट नाही.

आता बर्मिंगहॅम रोडच्या सिग्नलला,
गाडी नुसती उभी असताना,
जीभ आपोआप टाळूला जाऊन लागते.